सिक्युरिटी गार्डचं लायसन्स कसं काढायचं? ‘पसारा’ कायदा, लागणारी कागदपत्रं आणि मोबाईलवरून करायची तपासणी



“गार्डची नोकरी लागतेय, पण लायसन्स मागतायत. ते कुठून काढू?” अशा अर्थाचे मेसेज मला वारंवार येतात. म्हणून आज हा विषय नीट बघू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी तुमचे पैसे वाचतील.

भारतात सिक्युरिटी गार्डला स्वतःच्या नावाचं लायसन्स नसतंच. लायसन्स लागतं ते एजन्सीला. गार्डला लागतं ट्रेनिंग, पोलीस पडताळणी आणि एजन्सीने दिलेलं फोटो ओळखपत्र. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी “२ दिवसांत सरकारी गार्ड लायसन्स, फक्त आधार आणि फी पाठवा” असं म्हणत असेल, तर तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकतोय. माझ्या शेजारच्या एका मुलाला असंच एक ‘लायसन्स’ पीडीएफमध्ये आलं होतं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का आणि मध्ये एक क्यूआर कोड. मी तो कोड स्कॅन केला तर थेट कोणाच्या तरी यूपीआय खात्यावर पैसे भरायचं पान उघडलं!

‘पसारा’ म्हणजे नेमकं काय?

प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीज (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट, २००५ या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पसारा’ हा शब्द आला. (मराठीत पसारा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि या क्षेत्राकडे बघितलं की नाव चुकलंय असं वाटत नाही.) हा कायदा १४ मार्च २००६ पासून लागू आहे. खासगी सुरक्षा पुरवणाऱ्या एजन्सीने राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडून परवाना घ्यायचा, ही त्यातली मूळ अट. हा नियंत्रक गृह खात्यातला सहसचिव किंवा त्याच्या बरोबरीचा अधिकारी असतो. परवाना ५ वर्षांचा असतो. कायद्यात फी दिली आहे ती अशी: एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, एकापेक्षा जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १०,००० आणि अख्ख्या राज्यासाठी २५,०००. परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर १ वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.

या परवान्याचा अर्ज ऑनलाइन करता यावा म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये पोर्टल सुरू केलं. तिथे अर्ज करते ती एजन्सी. नोकरी शोधणाऱ्या मुलाने तिथे स्वतःचं खातं उघडून काही उपयोग नाही.

मग गार्ड व्हायला लागतं काय?

कायद्याच्या कलम १० मध्ये गार्डची पात्रता आहे. वय १८ पूर्ण पाहिजे आणि ६५ पूर्ण झालेलं नको. ठरवलेलं ट्रेनिंग पूर्ण पाहिजे. शारीरिक निकषात बसलं पाहिजे आणि चारित्र्याबद्दल एजन्सीची खात्री पटली पाहिजे. कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला घेता येत नाही. तसंच गैरवर्तनामुळे लष्कर किंवा पोलीस दलातून काढून टाकलेल्यालाही नाही. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना प्राधान्य द्यायची सोय आहे.

ट्रेनिंगचा तपशील नियमांमध्ये असतो. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानात असं शिक्षण द्यायचं असतं, आणि ते किमान २० कामकाजाच्या दिवसांत पसरलेलं पाहिजे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० तास अधिक १६ तास, किमान ७ दिवसांत. हा २० दिवसांचा आकडा लक्षात ठेवा. “आज पैसे भरा, उद्या ट्रेनिंग सर्टिफिकेट” म्हणणारा नवख्या मुलाला कुठल्याही हिशोबाने खरं सांगत नाहीये.

शारीरिक निकषांत याच नमुना नियमांत पुरुषांची उंची किमान १६० सेंमी आणि महिलांची १५० सेंमी धरली आहे. पुरुषांची छाती ८० सेंमी, फुगवून ४ सेंमी जास्त. रंगांधळेपणा नको आणि १ किलोमीटर ६ मिनिटांत पळता आलं पाहिजे. चष्मा असेल तर घाबरू नका, चष्म्यासह दिसणं धरलं जातं.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. ट्रेनिंग देणारी संस्था फी घेते म्हणजे ती फसवीच असते असं नाही. खऱ्या संस्था फी घेतात, पावती देतात आणि रोज हजेरी लावतात. ‘अनआर्म्ड सिक्युरिटी गार्ड’ हा कौशल्य विकासातला अधिकृत कोर्सही आहे. पण त्यातून मिळतं ते प्रमाणपत्र. त्याला लायसन्स म्हणून विकणं ही गंडवागंडवीच.

पोलीस पडताळणी मोबाईलवरून कशी होते?

महाराष्ट्र पोलिसांचं ‘पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस’ नावाचं पोर्टल आहे, लोक त्याला पीसीएस म्हणतात. तिथे खातं उघडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, फी ऑनलाइन भरायची आणि मग पोलीस स्टेशनकडून पडताळणी होते. मोबाईलवर करताना दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे फाईलचा साईज, त्यामुळे फोटो आधी कमी करून ठेवा. दुसरी म्हणजे नावाचं स्पेलिंग. आधारवर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर अर्ज अडकतो. आधी ते दुरुस्त करून घेतलेलं बरं.

ज्यांनी गेल्या ५ वर्षांत जिल्हा बदललाय त्यांनी सगळे पत्ते खरे द्या. नमुना नियमांप्रमाणे अशा वेळी जितके जिल्हे तितके पडताळणीचे फॉर्म भरून द्यावे लागतात. लातूरहून पुण्याला आलेली मुलं फक्त पुण्याचा पत्ता टाकतात आणि मग महिनाभर काय अडलंय तेच कळत नाही.

एजन्सीला आधारची कॉपी द्यायची असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. प्रिंटवर तारीख आणि ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’ असं लिहून सही करा. आणि मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायची, कॉपी द्यायची, परत घ्यायची. मूळ कागद अडकवून मुलांना नोकरी सोडू न देणं हा प्रकार मी जवळून पाहिलाय. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण त्या मुलाची पुढची पोलीस भरती त्यात हुकली.

एजन्सी खरी आहे का, हे कसं ओळखायचं?

कायद्याने एजन्सीने आपला परवाना ऑफिसात दिसेल अशा ठिकाणी लावायचा असतो. इंटरव्ह्यूला गेलात की भिंतीकडे बघा. दिसला नाही तर सरळ विचारा, “साहेब, पसारा लायसन्स दाखवता का?” यात लाजण्यासारखं काही नाही. नाव, मुदत आणि परवाना कुठल्या जिल्ह्यांसाठी आहे हे तपासा. परवाना नाशिकचा आणि ड्युटी ठाण्यात, असं असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

कामाला लागलात की फोटो ओळखपत्र एजन्सीने द्यायचं असतं. नोकरी सोडली की ते परत करायचं आणि हरवलं तर लगेच कळवायचं. गणवेश पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा दिला तर घालू नका, कारण त्यात गुन्हा घालणाऱ्यावरही लागतो. आणि गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात, हेही ट्रेनिंगमध्ये नीट विचारून घ्या. बंदूक घेऊन उभं राहायचं असेल तर शस्त्र परवाना वेगळा, तो शस्त्र कायद्याखाली मिळतो.

पहिला पगार झाला की यूएएन नंबर मागा आणि उमंग अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडा. पगाराच्या स्लिपवर १२ टक्के कापलेले दिसतात आणि पासबुकात शून्य, असं झालं तर ते तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांतच कळलं पाहिजे, तीन वर्षांनी नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय कार्डही विचारा. त्याचे तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, ३.२५ टक्के मालक भरतो.

‘बोर्डाचा गार्ड’ वेगळा

महाराष्ट्रात आणखी एक रचना आहे. १९८१ च्या राज्य कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. तिथे गार्डची नोंदणी मंडळाकडे होते आणि पगार कंपनीकडून मंडळामार्फत येतो. मेट्रो स्टेशनवर दिसणारे ‘एमएसएफ’चे जवान तिसरेच, ते राज्य सुरक्षा महामंडळाचे, आणि त्याचा कायदा २०१० चा. या दोन्हींच्या नावाने “डायरेक्ट भरती” चे मेसेज भरपूर फिरतात. भरती असेल तर ती त्यांच्या अधिकृत साइटवर असते, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही.

मग यूट्यूबवर दाखवतात ते लायसन्स कुठलं?

बराच गोंधळ इथून येतो. इंग्लंडमध्ये शिकणारी आपली मुलं ‘एसआयए लायसन्स’ चे व्हिडिओ टाकतात, आणि ते अगदी खरं असतं. तिथे २००१ च्या कायद्याप्रमाणे गार्डला स्वतःचं लायसन्स लागतं. ते ३ वर्षांचं असतं आणि सरकारी ऑनलाइन नोंदवहीत कोणालाही तपासता येतं. त्यासाठी इथलं पोलीस क्लिअरन्स मागितलं तर पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पीसीसी लागतं, वर सांगितलेलं पीसीएसचं प्रमाणपत्र नाही. नावं सारखी असल्यामुळे एजंट मुद्दाम घोळ घालतात. दुबईतही गार्डला तिथल्या यंत्रणेचं कार्ड लागतं. पण भारतातली एजन्सी परदेशात गार्ड पाठवत असेल तर पसारा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तिला आधी नियंत्रकाची परवानगी लागते. परदेशातल्या नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं.

आणि पैसे आधीच गेले असतील तर? वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. राग आला तरी ते चॅट डिलीट करू नका.