मेणाच्या ठोकळ्याची कुळकथा

कोपरीतून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या नातेवाइकांच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म असतात आणि तळाशी एक डबी. डबीत टपाल तिकिटाएवढा मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक; आत गाठीचा तुकडा. ‘ब्लॉक आणि स्लाइड आणल्यात ना?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न.

स्कॅनची फिल्म तशी अलीकडची. मेंदूची गाठ सीटी स्कॅनवर पहिल्यांदा दिसली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी, विम्बल्डनमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर. ब्लॉक मात्र तिच्याहून शंभर वर्षांनी थोरला. १८६९ मध्ये एडविन क्लेब्सने ऊती पॅराफिनमध्ये बसवल्या. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचा फर्डिनांड ब्लूम फॉर्मॅलिन जंतू मारतं का हे तपासत होता, तर त्याच्याच बोटांची कातडी टणक झाली; ऊतीही अशाच टणक करून टिकवता येतील हे त्यातून कळलं. आधी फॉर्मॅलिन, मग अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण. शेवटी मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा काप. हा क्रम जवळपास तसाच टिकून आहे. टाटात १९४१ पासून प्रयोगशाळेची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी.

स्कॅन जागा दाखवतो, आकार दाखवतो, सर्जनला वाट दाखवतो. पण आपल्याकडे क्षयाची गाठही फिल्मवर कॅन्सरसारखी कडं धरून बसते, आणि दोन्हींची औषधं अगदी वेगळी. तो फरक सूक्ष्मदर्शकाखालचा काप सांगतो. दुर्मीळ गाठींत मात्र सूक्ष्मदर्शकही फसतो. ‘पीएनईटी’ नावाखाली वर्षानुवर्षं ठेवलेल्या मेंदूच्या गाठींचे जुने नमुने जनुकीय खुणांवरून पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येक भलत्याच निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणातून ते नावच काढून टाकलं. २०२१ च्या आवृत्तीत तर काही गाठींना डीएनएवरच्या मिथाइल खुणा पाहिल्याशिवाय नाव देणंच अवघड. जपून ठेवलेल्या मेणाने हे शक्य केलं. क्लेब्सला डीएनए म्हणजे काय याचा पत्ताही नव्हता!

अडचण एकच, आणि ती कुटुंबांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. मेंदूतून सुईने काढलेला तुकडा अगदी लहान असतो आणि प्रत्येक चाचणीला त्यातलाच काप लागतो. त्यामुळे कोणती चाचणी आधी करायची आणि कोणती सोडायची, हा हिशेब पॅथॉलॉजिस्टला पहिला काप घेण्याआधीच मांडावा लागतो.