भाड्याच्या गाडीवरचा कर पाहुणा भरत नाही

अमेरिकेतल्या काउंटी मंडळांत आणि नगर परिषदांत भाड्याने मोटारी देणाऱ्या धंद्यावर कर बसवण्याचा विषय निघाला, की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. भाड्याची गाडी घेणारा विमानाने उतरलेला पाहुणा असतो. तो आपले रस्ते वापरतो, अपघात झाला तर आपलेच पोलीस आणि आपलेच अग्निशमन दल धावून जाते, आणि चार दिवसांनी तो निघून जातो. त्याच्या बिलात दोन-चार डॉलर वाढले तर त्याला जाणवणारही नाहीत. गावाच्या तिजोरीत मात्र भर पडेल आणि गावकऱ्याला एक पैसाही पडणार नाही.

हे मत का लोकप्रिय आहे ते उघड आहे. मालमत्ता कर वाढवायचा तर निवडून आलेल्या सदस्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड द्यावे लागते. विमानतळावरचा अनोळखी माणूस सभेला येत नाही आणि त्याचे मतही नसते. पण जे सोयीचे ते खरे असते असे नाही. गाडी भाड्याने घेतो कोण, हे आधी पाहायला हवे.

एंटरप्राइझ ही या धंद्यातली अमेरिकेतली सर्वांत मोठी कंपनी. जॅक टेलर यांनी १९५७ मध्ये सेंट लुईस इथे ती सुरू केली. ती विमानतळांच्या जिवावर वाढली नाही. वस्त्यांतल्या, गॅरेजांजवळच्या लहान शाखांवर वाढली. तिचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे अपघातात गाडी चेपलेला आणि ती दुरुस्त होईपर्यंत कामावर जायला दुसरी गाडी हवी असलेला माणूस. भाडे बहुधा विमा कंपनी देते, पण दिवसाला ठरावीक मर्यादेपर्यंतच. मर्यादा ३० डॉलर असेल आणि करांसह बिल ३६ वर गेले, तर वरचे सहा डॉलर रोज त्याच्याच खिशातून जातात. दुसरे गिऱ्हाईक याहून गरीब: ज्याच्याकडे गाडीच नाही आणि महिन्यातून एकदा आईला दूरच्या डॉक्टरकडे न्यायला जो गाडी घेतो. दोघेही त्याच गावचे रहिवासी आणि मतदार.

कॅन्सस सिटीच्या मतदारांनी २००४ मध्ये नव्या क्रीडासंकुलासाठी भाड्याच्या गाडीवर दिवसाला ४ डॉलर आणि हॉटेलच्या खोलीवर रात्रीला दीड डॉलर असा भार मंजूर केला. पुढे विल्यम गेल आणि किम रुबेन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या शाखांच्या व्यवहारांचा अभ्यास केला. कर लागलेल्या शाखांत गाड्यांना मागणी घटली आणि बोजाचा मोठा वाटा स्थानिक गिऱ्हाइकांवर पडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासाला एंटरप्राइझचेच अर्थसाहाय्य होते, हे इथे सांगितलेच पाहिजे आणि तो जपूनच वाचायला हवा. तरी शहराच्या हद्दीबाहेर दोन मैलांवर तीच गाडी रोज ४ डॉलर कमी पडत असेल, तर लोक तिकडे वळतील, हे समजायला कोणाच्या पैशाची गरज नाही.

इतके खंडन पुष्कळ जण करतात आणि तिथेच थांबून, भाड्याच्या गाड्यांवर स्थानिक कर असूच नये, असा निष्कर्ष काढतात. तो मला मान्य नाही. कर असावा, पण तो कशाबद्दल आहे याचा हिशेब असावा.

उदाहरणार्थ, नॉर्थ कॅरोलायनात रॉलीच्या परिसरात गाडी भाड्याने घेतली तर बिलाच्या तळाशी करांच्या ओळी दिसतात. राज्याचा ८ टक्के महामार्ग-वापर कर, प्रादेशिक बस वाहतुकीसाठी ५ टक्के आणि वेक काउंटीचा दीड टक्का. शाखा शहराच्या हद्दीत असेल तर शहराला आणखी दीड टक्का लावता येतो. ५० डॉलर भाड्यावर पहिल्या ओळीचे ४ डॉलर, दुसरीचे अडीच आणि काउंटीच्या ओळीचे ७५ सेंट. विमानतळावरच्या काउंटरवर कोणी या ओळी वाचत नाही. त्यांतल्या ७५ सेंटच्या ओळीचा उगम बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे.

या राज्यात खासगी गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर द्यावा लागतो. २०१३ पासून नंबरप्लेटच्या नूतनीकरणाबरोबरच तो वसूल होतो. कॅरी, मॉरिसव्हिल या गावांत राहणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांच्या या कराच्या नोटिशीचे पाकीट ओळखीचे आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी आरटीओत एकरकमी कर भरून मोकळे झालेल्या माणसाला सुरुवातीला त्याचे आश्चर्य वाटते. भाड्याच्या गाड्याही पूर्वी याच कराखाली येत. अडचण अशी, की मालमत्ता कराला ठिकाण लागते. घर हलत नाही, भाड्याची गाडी हलते. थंडी सुरू झाली की कंपन्या गाड्या फ्लोरिडाकडे नेतात. एका शाखेतली गाडी दुसऱ्या काउंटीत परत केली जाते. वर्ष-दीड वर्षात ती विकलीही जाते. अनेक राज्यांत कर आकारण्याचा दिवस १ जानेवारी. त्या दिवशी गाडी जिथे उभी, तिथल्या तिजोरीत पूर्ण वर्षाचा कर जाणार, आणि बाकीचे अकरा महिने ती जिथले रस्ते झिजवते त्या गावाला काहीच नाही.

२००० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने यावर तोडगा काढला. वर्षभरापेक्षा जास्त नसलेल्या मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांवरचा मालमत्ता कर उठवला आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या जागी काउंटी व शहरांना भाड्याच्या एकूण रकमेवर दीड टक्क्यापर्यंत कर लावण्याचा अधिकार दिला. गाडी जिथे भाड्याने गेली, तिथे कर पडला. आधी जो बोजा होता त्याच्या जागी हा आला. नवे उत्पन्न शोधायला तो आणलेला नव्हता.

आता हिशेब करून पाहू. समजा गाडीची किंमत २५,००० डॉलर आहे आणि शहर-काउंटी मिळून मालमत्ता कराचा दर शंभराला एक डॉलर आहे. शेजारी आपल्या गाडीवर वर्षाला २५० डॉलर भरेल. तीच गाडी भाड्याच्या धंद्यात वर्षाचे ३०० दिवस ५० डॉलरने गेली तर जमा १५,००० आणि दीड टक्क्याने कर २२५. हे जवळपास जुळते. शहराने आपलाही दीड टक्का जोडला की कर ४५० होतो आणि भाड्याची गाडी शेजाऱ्याच्या गाडीच्या पुढे जाते. कॅन्सस सिटीचे ४ डॉलर याच ३०० दिवसांना लावले, तर १,२०० डॉलर. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण तुलना करायची पद्धत हीच. एकाच गावात, एकाच रस्त्यावर धावणाऱ्या सारख्याच दोन गाड्यांनी गावाला जवळपास सारखेच द्यावे. भाड्याची गाडी जास्त देत असेल, तर ती नेमका कोणता जास्तीचा खर्च गावावर टाकते ते दाखवण्याची जबाबदारी कर लावणाऱ्याची.

हीच कसोटी कंपन्यांनाही लागू पडते. त्यांचे म्हणणे असे, की आमच्या गाड्या हे धंद्याचे भांडवल, त्यावरचा कर शेवटी गिऱ्हाइकाकडून वसूल होतो, म्हणून आम्हाला सूट द्या. मग शेजारच्या सुताराचा ट्रक भांडवल नाही का? त्यावर मालमत्ता कर भरावा लागतो. शाखेच्या वाहनतळावर उभ्या चाळीस गाड्यांना सूट मिळाली, तर रस्ता आणि शाळांचा तेवढा खर्च शेजाऱ्यांच्या पाकिटांत वाटला जातो. भाडे कमी होण्याची हमी मात्र कोणी देत नाही.

कायद्याने चालते म्हणून कर न्याय्य ठरत नाही, हे ॲरिझोनात दिसले. मॅरिकोपा काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये ३०२ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला आणि फुटबॉल स्टेडियमसाठी भाड्याच्या गाड्यांवर ३.२५ टक्के अधिभार आला. गाड्यांवरचे कर रस्त्यांसाठीच वापरावेत, असे कलम राज्याच्या घटनेत आहे. त्याच्या आधारे एका भाडे कंपनीने दावा लावला. करविषयक न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. मला तो निकाल उलटवायचा नाही. पण टायर फुटला म्हणून गाडी भाड्याने घेणाऱ्याने फुटबॉलच्या मैदानाला वर्गणी का द्यावी, याचे उत्तर त्या निकालात मिळत नाही, कारण न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता. तो मतदारांपुढे होता, आणि बाहेरचे लोक भरतील या समजुतीने त्यांनी तो सोडून दिला.

शिकागोने तर कर हद्दीबाहेर नेला. शहराच्या सीमेपासून तीन मैलांच्या आत, म्हणजे उपनगरात, शिकागोच्या रहिवाशाला भाड्याने दिलेल्या गाडीवरही शहराचा कर लागेल असे गृहीत धरणारा नियम काढला. हर्ट्झच्या दाव्यात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द केला. तिथे तर कर भरणारा पाहुणा नव्हताच, शहराचाच रहिवासी होता, आणि तो गाडी शिकागोतच चालवणार असे धरले होते. प्रत्यक्षात तो उपनगरातच गाडी चालवणारा असू शकत होता.

ही समजूत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या जकातीचे समर्थन अनेक वर्षे असेच होत असे: कर बाहेरून येणारा व्यापारी भरतो, शहराला घरपट्टी वाढवावी लागत नाही. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि त्या थांबण्याचा, डिझेलचा आणि जकातीचा सगळा खर्च मुंबईकराच्या साबणात आणि सिमेंटात मिसळत असे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा वर्षाला ७,००० कोटी रुपयांच्या आसपास देणारी ती जकात गेली. गोव्यातल्या कळंगुट पंचायतीने २०२४ मध्ये बाहेरून येणाऱ्या पर्यटकांवर कर बसवण्याचा ठराव केला, त्यामागेही हाच विचार होता. पंचायतीची तक्रार मात्र खरी आहे. भारताच्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन-इमारतींवरचा कर आणि वाहनांवरचा कर या राज्यसूचीतल्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, ४९ आणि ५७. वाहनांचा कर राज्य वसूल करते. पिवळ्या अक्षरांच्या काळ्या नंबरप्लेटची भाड्याची गाडी दिवसभर कळंगुटच्या गल्लीत उभी राहते, कचरा पंचायत उचलते, आणि गाडीचा कर पणजीला जातो. त्यावर पर्यटकाला नाक्यावर अडवणे हा उपाय नव्हे. राज्याच्या वाहन करातला वाटा, गाडी जिथे भाड्याने जाते त्या पंचायतीला मिळावा, ही मागणी करायला हवी. नॉर्थ कॅरोलायनात जे झाले ते मुळात याच जातीचे होते.

एक आक्षेप उरतो: पाहुण्याकडून जास्त घेतले नाही तर क्रीडासंकुले आणि संमेलनगृहे बांधायची कशातून? ज्यांना ती हवी आहेत, त्यांच्या करातून. त्यांना आपल्या पैशातून नको असतील, तर ती गावाला नकोच आहेत असे समजावे. नॉर्थ कॅरोलायनात काउंट्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्याआधी अर्थसंकल्पावर जाहीर सुनावणी होते. तिथे मत असलेल्या मराठी वाचकांनी मंडळापुढे एकच आकडा मागावा: आमच्या गावातली एक भाड्याची गाडी वर्षाला किती कर देते, आणि माझी गाडी किती देते.