बगझिलातील टेम्पलेट

सॉफ्टवेअरमधले बग नोंदवून त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या 'बगझिला' या मुक्तस्रोत प्रणालीत नोंदीचे दृश्यरूप ठरवणाऱ्या फाइली. नोंदीची माहिती डेटाबेसमध्ये असते. ती पडद्यावर, ईमेलमध्ये किंवा सीएसव्ही फाइलीत कशी मांडायची हे टेम्पलेट ठरवतात.

टेरी वाइसमन यांनी १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी बगझिला तयार केली. आरंभीच्या आवृत्त्यांत एचटीएमएल थेट पर्ल कोडमध्ये मिसळलेले असे. रकान्याचे नाव बदलायचे तरी प्रोग्रामला हात लावावा लागे, आणि पुढची आवृत्ती आली की ते बदल नव्याने जुळवत बसावे लागे. २००२ च्या २.१६ आवृत्तीत वापरकर्त्याला दिसणारी पाने अँडी वॉर्डली यांच्या 'टेम्पलेट टूलकिट'वर नेली गेली. बगझिलाच्या वाटचालीतला हा सर्वांत दूरदर्शी बदल म्हणावा लागेल. त्यामुळे एकच शोधयादी वेबपानाच्या आणि सीएसव्हीच्या रूपात मिळू लागली, भाषांतरेही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवता आली.

टेम्पलेटचा खरा उपयोग नवी नोंद करताना दिसतो. 'गाइडेड' नावाच्या फॉर्ममध्ये बग पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, प्रत्यक्षात काय झाले आणि काय व्हायला हवे होते, यांसाठी स्वतंत्र चौकटी असतात. डेटाबेसमध्ये मात्र त्यांना स्वतंत्र रकाने नसतात. फॉर्म पाठवला की दुसरे, साध्या मजकुराचे टेम्पलेट ही उत्तरे शीर्षकांसह एकत्र करते आणि तोच मजकूर नोंदीची पहिली टिप्पणी बनतो. डेटाबेसला धक्का न लावता तक्रारीला शिस्त लावणारी ही युक्ती आजही अनुकरणीय आहे.

टेम्पलेट लिहिताना सुरक्षेकडे काणाडोळा करून चालत नाही. कुणी बगच्या शीर्षकात स्क्रिप्ट लिहिली आणि ती जशीच्या तशी पानावर उतरली, तर ती वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. म्हणून वेबपानावर छापायचा मजकूर 'एचटीएमएल फिल्टर'मधून जातो. फिल्टर राहून गेलेली जागा पकडणारी चाचणी बगझिलाच्या चाचणीसंचात आहे.

स्थानिक बदलांसाठी मूळ टेम्पलेटची प्रत 'कस्टम' फोल्डरमध्ये ठेवतात. मूळ फाइलीऐवजी तीच वापरली जाते. अद्ययावत करताना ही प्रत पुसली जात नाही, पण मूळ टेम्पलेटमधल्या नव्या सुधारणा तिच्यात आपोआप येतही नाहीत. त्यामुळे छोट्या बदलासाठी अख्खी फाइल उचलण्यापेक्षा टेम्पलेटमध्ये ठरावीक जागी ठेवलेल्या 'हुक'मधून हवा तेवढा मजकूर जोडणे श्रेयस्कर.