पेसमेकरचा जंतुसंसर्ग

छातीच्या त्वचेखाली बसवलेला पेसमेकर किंवा डीफिब्रिलेटर, तो ठेवण्यासाठी केलेला कप्पा आणि शिरेतून हृदयात गेलेल्या तारा यांना होणारा संसर्ग. निम्म्याहून अधिक वेळा स्टॅफिलोकॉकस जंतू सापडतात. ते यंत्राच्या डबीवर व तारांवर चिकट थर करून राहतात. त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव फारसा पडत नाही. बॅटरी संपल्यावर कप्पा पुन्हा उघडताना, तसेच त्यात रक्त साकळल्यास धोका वाढतो.

निदान : कप्प्यावरची त्वचा लाल व दुखरी होते किंवा डबीच्या कडेवर पातळ, चकचकीत होऊन फाटते. डबीचा टिकलीएवढा भाग जरी उघडा पडला, तरी ताप नसतानाही सगळे यंत्र दूषित धरतात. सूज दिसली म्हणून सुईने पाणी काढू नये. जंतू आत नसतील तर त्या वाटेने जातात. काहींना नुसता अधूनमधून ताप येतो आणि पेसमेकरकडे कोणाचे लक्षच जात नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे किमान दोन नमुने कल्चरला पाठवणे ही महत्त्वाची, पण अनेकदा राहून जाणारी पायरी. अन्ननलिकेतून केलेल्या हृदयाच्या इको तपासणीत तारांवरचे व झडपांवरचे जंतुपुंज दिसतात. मात्र इको स्वच्छ आली म्हणून संसर्ग नाही असे ठरत नाही. संशय उरल्यास पेट-सीटी करतात. भारतात क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचे रुग्णही आढळले आहेत. नेहमीच्या कल्चरमध्ये हे जंतू निसटू शकतात.

उपचार : संसर्ग निश्चित झाल्यास डबी आणि सर्व तारा काढतात. नुसत्या औषधांनी तो बहुधा उलटतो. जुन्या तारा शिरेला व हृदयाला घट्ट चिकटलेल्या असतात. त्या लेझरने किंवा फिरत्या पात्याच्या नळीने सोडवताना मोठी शीर फाटू शकते; म्हणून हृदयशल्यचिकित्सक हाताशी लागतो. नंतर प्रतिजैविके कप्प्यापुरत्या संसर्गात १०–१४ दिवस, झडपेला बाधा असल्यास ४–६ आठवडे देतात. नवे यंत्र शक्यतो दुसऱ्या बाजूला बसवतात. त्याची गरज उरली आहे का, हे आधी तपासतात.

प्रतिबंध : चीर देण्यापूर्वी तासाभरात सेफाझोलिन हे प्रतिजैविक. रॅप-इट चाचणीत (२०१९, सुमारे ७,००० रुग्ण) यंत्राभोवती घातलेल्या प्रतिजैविकयुक्त जाळीच्या पिशवीने मोठ्या संसर्गाचे वर्षातील प्रमाण १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आले. पिशवी महाग असल्याने ती अधिक धोक्याच्या रुग्णांसाठी राखतात. मृतांचे पेसमेकर निर्जंतुक करून गरीब रुग्णांना बसवण्याचे काम मुंबईतही झाले आहे. २०२० च्या एका अभ्यासात अशा यंत्रांत संसर्ग २.० टक्के, नव्यांत १.२ टक्के आढळला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

तारविरहित पेसमेकर : कप्पा व तार नसल्याने संसर्ग विरळा.