अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

शहापूरला लोकल पकडायची तर आसनगाव गाठावं लागतं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणपर्यंत रस्त्यानंच जायचं. इथल्या घरभाड्याचं गणित या अंतरावरच बसलेलं आहे.

त्याचं मूळ मात्र मुंबईत आहे. 1947च्या कायद्यानं तिथली भाडी बहुतांशी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सावरला, हे मोठंच काम झालं; पण भाड्यासाठी नवी घरं बांधायला कुणी धजेना आणि पागडी फोफावली. 1973मध्ये परवान्यावर राहणाऱ्यांनाही संरक्षण मिळालं, तेव्हा मालक आणखी बिचकले. परवडणारं छप्पर शोधत नोकरदार कल्याणपलीकडे वासिंद, आसनगावपर्यंत सरकले. मुरबाडमध्ये एमआयडीसीमुळे कामगारांना खोल्या लागू लागल्या.

‘अकरा महिन्यांचा करार’ ही प्रथा 1908च्या नोंदणी कायद्यातून आली: वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती. ती पळवाट 31 मार्च 2000 रोजी लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं बंद केली. कलम 55नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूनं सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात.

खोली घेताना किल्लीआधी नोंदलेला करार मागा.