सत्तांतर आणि नोंदींचे जतन : चारठाणा व निजामकालीन दस्तांच्या संदर्भात

प्रस्तावना : जिंतूर तालुक्यातील चारठाणा (जि. परभणी) हे प्राचीन मंदिरांचे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचा महसुली कारभार उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. कारभाराची भाषा बदलली, तरी अनेक जुने दस्त टिकले. म्हणूनच २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठवाड्यातील उर्दू व मोडी दस्तांत कुणबी नोंदी शोधता आल्या.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे हेही एक सत्तांतरच होय. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी नोंदी विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत साठविलेल्या होत्या. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसल्यास नोंद शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. महाविद्यालयातील प्रवेश व निकालांच्या जुन्या नोंदींनाही हा धोका संभवतो.

यास्तव बदलापूर्वी डेटाबेस बंद करून त्याची प्रत स्वतंत्र माध्यमावर घ्यावी, ती अन्य संगणकावर उघडून तपासावी आणि फॉन्ट व मूळ सॉफ्टवेअरही जपावे. रूपांतरानंतर नोंदींची संख्या व निवडक मजकूर मुळाशी ताडून पाहावा.

निष्कर्ष : नवी प्रत वाचावयास सुलभ असते; परंतु तिच्यातील चूक मूळ प्रतीवरूनच सिद्ध करता येते. म्हणून रूपांतरानंतरही मूळ प्रत नष्ट करू नये.