मुदत आणि हद्द

आपल्या मालकीच्या नसलेल्या, किंबहुना आपण कधी डोळ्यांनी पाहणारही नाही अशा संगणकांवर आपला जमाखर्च, आपल्या ग्राहकांच्या नोंदी आणि आपल्या पेढीची गुपिते ठेवण्याचा जो प्रघात गेल्या वीस वर्षांत जगभर रूढ झाला, आणि ज्याला व्यवहारात क्लाउड म्हणतात, त्याचा सारा भार अखेर एका प्रश्नावर येऊन पडतो: दाराशी आलेला मनुष्य, अथवा त्याच्या वतीने आलेला प्रोग्राम, खरा अधिकारी आहे की तोतया, हे द्वारपालाने कशावरून ओळखावे? आज सर्वमान्य झालेले उत्तर असे, की कायमची किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये, ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा, आणि तो परवाना मागणाऱ्याला शक्य तितक्या जवळच्या कचेरीतून मिळावा. या उत्तराचे दोन्ही भाग १९८८ सालीच अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात सिद्ध झाले होते. व्यापारी क्लाउडने त्यांपैकी पहिला आपल्या जन्मानंतर पाच वर्षांनी अंगीकारला व दुसरा नऊ वर्षांनी, ही गोष्ट या विद्येच्या इतिहासात मला फार विचार करण्याजोगी वाटते.

प्रारंभ एम.आय.टी.मध्ये झाला. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा अशी सीटीएसएस नावाची व्यवस्था प्रथम करून दाखविली, आणि प्रत्येकाच्या फाइली व वाट्याला आलेला वेळ निराळा राहावा म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. संगणकावरील पासवर्डाचा इतिहास सामान्यतः येथून सुरू झालेला मानतात, आणि तो फुटण्याचा इतिहासही जवळजवळ त्याच मुहूर्तावर सुरू होतो. १९६२ मध्ये अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधासाठी मंजूर झालेला वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून मागविली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे दशकाच्या मध्यास त्याच व्यवस्थेत एक विलक्षण घोटाळा घडला. एक व्यवस्थापक सर्वांना दाखवायची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता, आणि संपादनाचा प्रोग्राम दोघांच्याही मजकुराला तात्पुरत्या फाइलीचे एकच नाव देत असल्यामुळे दोहोंची अदलाबदल झाली. परिणामी जो जो मनुष्य यंत्रावर कामाला बसला त्याच्यासमोर त्या दिवसाची सूचना म्हणून सर्वांची गुपिते उलगडून मांडली गेली. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. कॉर्बातो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकीकत मोकळेपणाने सांगितली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे, कारण गुपित चोरामुळेच फुटते असे नाही, ते नुसत्या वहिवाटीनेही फुटते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने कळले नसते.

पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचे उलट न फिरवता येणारे रूपांतर साठवावे, ही युक्ती केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांची. त्याच नीडहॅम यांनी मायकेल श्रोडर यांच्यासह १९७८ च्या डिसेंबरात एक निबंध प्रसिद्ध केला. तारांनी जोडलेल्या अनेक यंत्रांपैकी दोघांची परस्परांशी ओळख पटवावयाची, तर दोघांचाही विश्वास असलेल्या तिसऱ्या यंत्राने मध्यस्थ व्हावे, त्याने त्या संभाषणापुरती एक नवी किल्ली घडवावी आणि ती मोहोरबंद लिफाफ्यातून दोघांकडे पोचवावी, अशी ती योजना होती. योजना डौलदार होती. परंतु तीत एक छिद्र राहून गेले होते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये डोरोथी डेनिंग आणि जोव्हान्नी साक्को यांनी ते दाखवून दिले: जुन्या एखाद्या संभाषणाची किल्ली कोणाच्या हाती लागली, तर तो जुनाच लिफाफा पुन्हा पुढे करून ती व्यक्ती हवे तितक्या वेळा, हवी तितकी वर्षे, पहिल्या माणसाचे सोंग घेऊ शकेल, कारण लिफाफा आजचा की तीन वर्षांपूर्वीचा हे ओळखण्याचे साधन त्या योजनेत नव्हते. त्यांनी सुचविलेला उपाय एका वाक्यात सांगता येतो: लिफाफ्यावर वेळ घाला. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण होय. तोवरचा सारा प्रयत्न गुपित फुटू नये यासाठी होता. येथून पुढे ते फुटणारच हे गृहीत धरून, फुटल्यावर त्याचे आयुष्य किती उरावे, हा विचार सुरू झाला.

हा विचार प्रत्यक्षात उतरला तो पुन्हा एम.आय.टी.मध्येच. १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट आणि आय.बी.एम. या दोन कंपन्यांच्या साहाय्याने तेथे प्रोजेक्ट अथीना सुरू झाला. आवारभर संगणक मांडलेले, कोणीही विद्यार्थी कोणत्याही यंत्रावर बसणार, आणि बसणारा त्या यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकणार. अशा स्थितीत यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवणे शक्यच नव्हते. जेनिफर स्टायनर, क्लिफर्ड न्यूमन आणि जेफ्री शिलर यांनी १९८८ मध्ये जिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले ती केर्बेरोस नावाची व्यवस्था या अडचणीतून जन्मली. तीत विद्यार्थ्याने सकाळी एकदा पासवर्ड द्यावा, तोही जाळ्यावर न पाठविता. त्याच्या बदल्यात त्याला एक तिकीट मिळावे. त्या तिकिटावर छपाईयंत्राचे, टपालाचे, फाइलींचे अशी निरनिराळी तिकिटे त्याने दिवसभर मिळवावीत. आणि सुमारे आठ तासांनी ती सारी आपोआप निरुपयोगी व्हावीत. चौथ्या आवृत्तीत तिकिटाची मुदत पाच पाच मिनिटांच्या मापाने एकाच बाइटात लिहिली जाई, त्यामुळे कोणतेही तिकीट २१ तास १५ मिनिटांपेक्षा अधिक जगू शकत नसे. मराठी दफ्तराशी परिचय असलेल्या वाचकाला वतन आणि दस्तक यांतील भेद येथे आठवेल: एक पिढ्यान्‌पिढ्या चालणारे, दुसरे एका खेपेपुरते.

परंतु केर्बेरोसचा दुसरा गुण तितकाच थोर असून त्याची वाखाणणी क्वचितच होते. तिकिटे देणारे यंत्र बंद पडले तर सारे आवारच थांबेल, हे ओळखून तिच्या कर्त्यांनी मुख्य नोंदवहीच्या नकला दर तासाला इतर यंत्रांवर पाठविण्याची व्यवस्था केली होती. नोंदीत फेरफार करायचा तर मुख्य कचेरीतच जावे लागे. पण ओळख पटवून तिकीट घेणे कोणत्याही उपकचेरीत होऊ शके. शिवाय त्याच आवारातील निरनिराळ्या संस्थांची अधिकारक्षेत्रे वेगळी ठेवून एका क्षेत्राच्या माणसाला दुसऱ्या क्षेत्रात ओळख कशी मिळावी, याचीही तजवीज होती. मुदतीबरोबर हद्दीचाही विचार झाला होता तो असा.

यानंतरची सतरा-अठरा वर्षे थोडक्यात सांगता येतील. केर्बेरोसची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रमाणभूत झाली आणि विंडोज २००० च्या द्वारे जगभरच्या कचेऱ्यांत शिरली.

मग २००६ साल उजाडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अॅमेझॉनने साठवणुकीची एस-थ्री ही सेवा आणि ऑगस्टमध्ये भाड्याने संगणक देणारी ईसी-टू ही सेवा खुली केली, आणि ग्राहकाला त्यांचा वापर करण्यासाठी दिली काय, तर किल्ल्यांची एक जोडी, संपूर्ण खात्याची आणि कायमची. ज्याच्या हाती ती जोडी, तो त्या खात्याचा धनी. ही किल्ली प्रोग्रामांच्या मजकुरात लिहिली जाई, तो मजकूर सहकाऱ्यांत वाटला जाई, आणि अशा रीतीने गुपित नुसत्या वहिवाटीने फुटण्याचा जुना अनुभव नव्या रूपात परत आला. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली, ती प्रोग्राम ठेवण्याच्या जागी सापडलेल्या अशाच किल्लीने.

उपाय त्यापूर्वीच उपलब्ध झाला होता. २०१० मध्ये अॅमेझॉनने खात्यातील माणसामाणसाला वेगळे अधिकार देणारी आयॅम ही व्यवस्था आणली, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये सिक्युरिटी टोकन सर्व्हिस, म्हणजे एसटीएस, सुरू केली. ही सेवा जो परवाना देते त्याचे तीन भाग असतात: किल्लीचा क्रमांक, गुप्त किल्ली आणि या दोहोंबरोबर दाखवायचे टोकन. कायमच्या किल्लीचा क्रमांक ‘एकेआयए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि मुदतीच्या किल्लीचा ‘एएसआयए’ने, त्यामुळे जाणत्याला दोहोंतील फरक एका दृष्टिक्षेपात कळतो. २०१२ च्या जूनपासून भाड्याच्या संगणकालाच एक भूमिका, धंद्यातल्या भाषेत रोल, देता येऊ लागली. तो संगणक आपले परवाने आपणच मिळवितो, मुदत संपण्यापूर्वी नवे घेतो, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला किल्ली पाहण्याचे कारणच उरत नाही. भूमिकेचा असा परवाना मागून घेतला तर सामान्यतः एक तासाचा मिळतो. तो पंधरा मिनिटांइतका आखूड करता येतो आणि २०१८ पासून बारा तासांपर्यंत वाढविता येतो.

मुदतीचा धडा अशा प्रकारे पुन्हा गिरविला गेला; हद्दीचा मात्र मागे राहिला. एसटीएसचा पत्ता एकच होता आणि तो साऱ्या जगासाठी होता, पण त्या जागतिक पत्त्यामागची यंत्रे होती उत्तर व्हर्जिनियात. सिंगापूरचा प्रोग्राम सिंगापूरमधल्याच फाइलीला हात लावण्यापूर्वी परवान्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून जाई व परत येई. याहून गंभीर बाब ही, की व्हर्जिनियात बिघाड झाला तर इतर खंडांतील सुस्थितीत असलेल्या यंत्रांनाही परवान्यावाचून हात बांधून बसावे लागे. २०१५ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या प्रत्येक भौगोलिक विभागात, ज्याला रीजन म्हणतात, एसटीएसचा स्वतंत्र पत्ता, म्हणजे रीजनल एंडपॉइंट, सुरू झाला. २०१६ च्या जूनमध्ये मुंबईचे रीजन उघडले तेव्हा येथील ग्राहकाला परवानाही मुंबईतच मिळण्याची सोय झालेली होती. व्हर्जिनियापर्यंतच्या एका येरझाऱ्याला लागणारे सुमारे २०० मिलिसेकंद ऐकायला नगण्य वाटतात, पण दिवसाकाठी लक्षावधी वेळा दार ठोठावणाऱ्या प्रोग्रामाला ते नगण्य नसतात.

सोय झाली, तथापि सवय बदलली नाही. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत या सद्हेतूने कंपनीच्या अनेक साधनसंचांत जागतिक पत्ताच गृहीत धरलेला राहिला, आणि ज्याने मुद्दाम काही लिहिले नाही त्याची विनंती वर्षानुवर्षे व्हर्जिनियास जात राहिली. ७ डिसेंबर २०२१ रोजी तेथील अंतर्गत जाळ्यावर असह्य ताण येऊन अनेक सेवा कित्येक तास कोलमडल्या, आणि बाहेरच्या ओळखदात्यांच्या आधारे एसटीएस जे परवाने देते त्यांना विलंब होऊ लागला. जागतिक पत्त्यावर आलेली विनंती, जेथे शक्य असेल तेथे, जवळच्याच रीजनमध्ये निकालात काढण्याची व्यवस्था कंपनीने अखेर २०२५ साली केली. अथीनाच्या कर्त्यांनी उपकचेऱ्यांचा विचार आवारापुरता का होईना, ३७ वर्षे आधी केला होता.

मुदत आणि हद्द सांभाळल्याने सारे संकट टळते असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन या बँकेच्या अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली, ती कायमच्या किल्लीने नव्हे, तर मुदतीच्या परवान्याने. परवाना मागणाऱ्या यंत्रालाच फसवून चोराने तो हस्तगत केला, आणि भूमिकेला तिच्या कामापेक्षा अधिक अधिकार दिलेले असल्यामुळे एवढ्यानेच कार्यभाग साधला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परवाना यंत्रापर्यंत पोचविण्याची वाट अॅमेझॉनने अधिक कडक केली. तेव्हा मुदत ही चोरी थांबवीत नाही, चोरीचा अवधी मर्यादित करते; आणि परवान्यात किती अधिकार भरायचा याचा विवेक माणसालाच करावा लागतो.

कायमच्या किल्ल्या देणे आजही बंद झालेले नाही, आणि अनेक चालत्या खात्यांत त्या वर्षानुवर्षे न बदलता पडून असतात. ज्या वाचकांच्या हाती एखाद्या पेढीच्या, रुग्णालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या अशा खात्याची व्यवस्था असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘एकेआयए’ने सुरू होणारे किती क्रमांक आपल्या खात्यात जिवंत आहेत ते त्यांनी याच आठवड्यात मोजावे, ज्यांच्या जागी भूमिका देता येईल ते रद्द करावेत, आणि आपले प्रोग्राम परवाना मागण्यास मुंबईच्या कचेरीत जातात की व्हर्जिनियाच्या, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.